जुन्या आउटबोर्ड मोटरमधील अनोळखी आवाज कसे ओळखावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. होडीच्या मागे बाहेरून बसवलेली ही मोटर (आउटबोर्ड) सुमारे तीस वर्षे जुनी, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक आणि ४० अश्वशक्तीची आहे. न्यूट्रलमध्ये आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद वेगाने चालत असताना खालच्या अंगाने खडखड ऐकू येते आणि थ्रॉटल किंचित वाढवला की ती थांबते. फॉरवर्ड गिअर टाकून वेग घेताना अधूनमधून ‘कट-कट’ असा झटका बसतो. शिवाय मधल्या वेगाला एक बारीक, शिटीसारखा सूर लागतो, जो गेल्या हंगामापर्यंत नव्हता. एका मेकॅनिकने वरचे इंजिन उतरवून क्रँकशाफ्ट पाहावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने जुन्या मोटरी अशाच वाजतात म्हणून विषय संपवला. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

इतक्यात दोघांचेही ऐकू नये, असे माझे मत आहे. आपण सांगितलेल्या तीन आवाजांपैकी एकही क्रँकशाफ्टकडे बोट दाखवत नाही, आणि तिसरा आवाज नवा असल्यामुळे तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. तिन्ही आवाजांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत. ती एकाच बिघाडाची रूपे मानून शोध सुरू केला, तर चांगले चाललेले इंजिन विनाकारण उघडले जाईल.

मराठीत आवाजांच्या शब्दांना तोटा नाही. खडखड, खरखर, घरघर, करकर, टकटक, किरकिर असे हवे तेवढे शब्द हाताशी असतात. तरीही ‘मोटर खडखडते’ असे सांगणाऱ्या दोन माणसांची खडखड प्रत्यक्षात एकच निघाली, असे मला क्वचितच आढळले आहे. म्हणून आवाज कसा आहे हे मी नंतर विचारतो. तो केव्हा येतो, काय केले की थांबतो, थंड इंजिनात जास्त येतो की गरम झाल्यावर, भाराखाली वाढतो की भार काढल्यावर, हे आधी विचारतो. वर्णनात माणूस चुकतो. ‘न्यूट्रलमध्ये येतो आणि गिअरमध्ये जातो’ या निरीक्षणात सहसा चुकत नाही. आपल्या प्रश्नात हे तपशील आहेत, आणि उत्तराचा मोठा भाग त्यांतच दडलेला आहे.

त्यासाठी मोटरच्या आत काय फिरते आणि केव्हा फिरते, हे डोळ्यांसमोर असले पाहिजे. क्रँकशाफ्ट उभा असतो आणि त्याच्या खालच्या टोकात ड्राइव्ह शाफ्टचे दाते बसलेले असतात. हा लांब शाफ्ट मधल्या पोकळ भागातून पाण्याच्या पंपाला फिरवत खाली गिअरकेसमध्ये जातो आणि तेथे पिनियन नावाच्या छोट्या गिअरला फिरवतो. पिनियनला फॉरवर्ड आणि रिव्हर्स हे दोन्ही गिअर कायम जुळलेले असतात. दोघांच्या मध्ये प्रॉपेलरच्या शाफ्टवर पुढे-मागे सरकणारा दातेरी क्लच असतो. तो ज्या गिअरला जाऊन भिडतो त्याच्यासोबत प्रॉपेलर फिरतो. याचा अर्थ असा की, इंजिन चालू असताना न्यूट्रलमध्येही ड्राइव्ह शाफ्ट, पंप, पिनियन आणि दोन्ही गिअर फिरतच असतात. थांबलेला असतो तो फक्त प्रॉपेलर आणि त्याचा शाफ्ट. ‘न्यूट्रलमध्ये आवाज येतो, म्हणजे दोष वरच्या इंजिनात आहे’ हा निष्कर्ष मोटारीच्या गिअरबॉक्सवरून काढला जातो आणि आउटबोर्डमध्ये तो साफ चुकीचा ठरतो. आपल्या पहिल्या मेकॅनिकचा कल तसाच असावा, असा मला संशय आहे.

ऐकण्याची जागाही महत्त्वाची आहे. बहुतेक मोटरींचा धूर प्रॉपेलरच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सोडलेला असतो, त्यामुळे जमिनीवर, पाण्याच्या नळीचे कान (पाणी आत घेणाऱ्या छिद्रांवर बसणारे रबरी कप) लावून मोटर चालवली की तोच धूर उघड्यावर येतो, मधला पोकळ भाग ढोलासारखा घुमतो आणि एरवी कानावर न पडणारे सगळे आवाज मोठे होऊन ऐकू येतात. जमिनीवरच्या खडखडीवरून घाबरून जाऊ नये आणि तिच्यावरून निदानही करू नये. शक्य असेल तर मोटर पाण्याच्या मोठ्या टाकीत किंवा धक्क्याला घट्ट बांधलेल्या होडीवर चालवून ऐकावी. नळीवर चालवणे भागच असेल तर प्रॉपेलर काढून ठेवावा, इंजिन १५०० आरपीएमच्या वर नेऊ नये आणि पाणी सुरू केल्याशिवाय क्षणभरही चालवू नये; पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर काही सेकंदांत खराब होऊ लागतो, आणि मग मूळ आवाजांत आणखी एकाची भर पडते. वरचे झाकण काढून फिरत्या फ्लायव्हीलवर (क्रँकशाफ्टच्या वरच्या टोकावरील जड चाकावर) वाकताना सैल बाही, गळ्यातली दोरी, मोकळे केस यांची काळजी घ्यावी, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये.

आत शिरण्यापूर्वी बाहेरचे तपासून घ्यावे. झाकणाची कडी सैल असणे, मोटर होडीच्या मागच्या फळीला धरून ठेवणारे स्क्रू ढिले होणे, रबरी माउंट दबून धातूला धातू लागणे, कार्ब्युरेटरपुढील पेटीचा स्क्रू पडणे या कारणांनी येणारे आवाज इतके खोल वाटतात की अनुभवी कानही फसतात. झाकण काढून एकदा आणि लावून एकदा ऐकावे. चालू मोटरच्या झाकणावर तळहात दाबून पाहावा. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही.

त्यानंतर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप वापरावा. तो नसेल तर लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर किंवा लाकडी दांडा चालतो, ज्याचे एक टोक मोटरवर आणि दुसरे कानामागच्या हाडावर टेकवायचे. ॲल्युमिनियमच्या आवरणातून आवाज सगळीकडे पसरतो, म्हणून एका ठिकाणी मोठा आवाज ऐकू आला म्हणजे दोष तेथेच आहे असे समजू नये. गिअरकेसचे टोक, पिनियनच्या बाजूचा भाग, पंपाचे घर, मधला भाग, क्रँककेसच्या वरच्या व खालच्या बेअरिंगची जागा आणि प्रत्येक सिलिंडर येथे दांडा क्रमाने टेकवावा, एकच फेरी दोन-तीनदा करावी आणि कोठे आवाज तीक्ष्ण होतो हे पाहावे. खरी जागा सापडली की आवाजाच्या कडा स्पष्ट होतात. लांबून आलेला आवाज मोठा असला तरी बोथट असतो. हा फरक लिहून समजावणे अवघड आहे, पण दांडा हातात घेतल्यावर एका बैठकीत कळतो.

ठोका एका लयीत असेल तर तो मोजावा. आयडल ६०० आरपीएम असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला १० फेरे घेतो. गिअरचे प्रमाण साधारणपणे २:१ च्या आसपास असते, म्हणून खालचे गिअर त्याच वेळी सेकंदाला ५ च्या आसपास फेरे घेतात. ठोका सेकंदाला १० वेळा पडत असेल तर फ्लायव्हील, क्रँक, पिस्टन, ड्राइव्ह शाफ्ट किंवा पिनियन यांच्याकडे पाहावे. ५ वेळा पडत असेल तर मोठ्या गिअरकडे. इतके जलद ठोके कानाने मोजता येत नाहीत, पण मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते संथ गतीने ऐकले की सहज मोजता येतात. मात्र मोबाइल आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळे दोन मुद्रणांवरून आवाज वाढला की घटला हे ठरवू नये. मुद्रणाचा उपयोग लय मोजण्यापुरताच ठेवावा.

आता आपल्या तीन आवाजांकडे वळतो.

पहिला आवाज, म्हणजे न्यूट्रलमधील आयडलवरची आणि थ्रॉटल वाढवताच थांबणारी खडखड, ही बहुतेक वेळा गिअरच्या दातांमधील मोकळीक वाजत असल्यामुळे येते. अशी थोडी मोकळीक नव्या मोटरमध्येही ठेवलेली असते. दोन सिलिंडरचे इंजिन अगदी मंद चालत असताना क्रँकशाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक स्फोटाला पुढे उसळतो आणि लगेच मंदावतो. न्यूट्रलमध्ये गिअरवर काहीच भार नसल्यामुळे पिनियन कधी त्यांच्या पुढे, कधी मागे होते आणि दात दोन्ही अंगांनी एकमेकांवर आपटतात. वेग वाढला की फिरणे एकसारखे होते आणि खडखड थांबते. गिअर टाकला तरी थांबते, कारण भारामुळे दात एकाच बाजूला टेकून राहतात. म्हणजे आवाज खाली येतो, पण त्याचे कारण पुष्कळदा वर असते. एक सिलिंडर आयडलवर नीट पेटत नसेल, दोन कार्ब्युरेटर एकत्र उघडत नसतील, आयडलची बारीक छिद्रे जुन्या पेट्रोलच्या चिकटाने बुजली असतील किंवा आयडलच नेमून दिलेल्यापेक्षा खाली उतरवलेले असेल, तर ही खडखड दुप्पट होते. आयडल १०० ते १५० आरपीएमने वाढवून पाहावे. खडखड पूर्ण गेली आणि गिअर ऑइल स्वच्छ निघाले, तर गिअरना हात न लावता कार्ब्युरेटर आणि प्लग यांच्याकडे वळावे. ड्राइव्ह शाफ्टच्या वरच्या टोकाचे दाते कोरडे पडून झिजल्यामुळेही असाच आवाज येतो. गिअरकेस कोणत्याही कारणाने उतरवली की ते दाते पुसून, पाहून, त्यांना पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे. शाफ्टच्या अगदी वरच्या टोकाला ग्रीस थापू नये, नाही तर ते आत दबते आणि शाफ्ट पूर्ण बसत नाही.

दुसरा आवाज मला अधिक गंभीर वाटतो. फॉरवर्डमध्ये भार घेताना ‘कट-कट’ होणे म्हणजे क्लचचे दात गिअरच्या दातांवरून घसरून पुन्हा अडकत असणे. दातांचे कोपरे गोल झाले की ते भाराखाली एकमेकांना बाहेर ढकलतात. हे का होते, याचे उत्तर वापरणाऱ्याच्या हातात असते. गिअर हळुवार टाकला तर मोटरला जपल्यासारखे वाटते, परंतु त्या रेंगाळण्यातच दात एकमेकांच्या कोपऱ्यांवर खरवडत राहतात. गिअर आयडलवरच टाकावा आणि एकाच ठाम हालचालीत टाकावा. ‘ठक’ असा एक आवाज झाला तर तो योग्य आहे. ‘कर्र’ असा आवाज झाला तर आयडल जास्त आहे किंवा हात संथ आहे.

तथापि दात झिजले असे मानण्यापूर्वी गिअरची केबल तपासावी. जुन्या केबलमध्ये ढिलाई येते, गंज चढतो, आणि लिव्हर पूर्ण पुढे असूनही क्लच अर्ध्यावरच भिडतो. इंजिन बंद करून, किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून आणि प्लगच्या वायरी जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या उघड्या धातूला, जोडून कोणीतरी लिव्हर फॉरवर्डला न्यावा आणि आपण प्रॉपेलर हाताने मागे-पुढे फिरवत राहावे, म्हणजे क्लच कोठे अडकतो ते हाताला कळते. त्यानंतर मोटरवरील गिअरचा दांडा केबलपासून सोडवून थेट हाताने पुढे ढकलून पाहावा. हाताने तो केबलपेक्षा जास्त पुढे जात असेल, तर दोष केबलच्या जुळणीत आहे आणि काम एका नटचे आहे. एक गोष्ट येथे सांगायला हवी: अनेक बनावटींत फॉरवर्डचे दात एका बाजूने उतरते कापलेले असतात, त्यामुळे फॉरवर्डमध्ये प्रॉपेलर हाताने एका दिशेला अडतो आणि दुसऱ्या दिशेला टकटक करत फिरतो. तो दोष नव्हे. केबल जुळवूनही भाराखाली झटका बसत असेल, तर मात्र गिअरकेस उघडावी लागेल, आणि तोपर्यंत मोटर त्या अवस्थेत जोरात चालवू नये. प्रत्येक झटक्याला दात आणखी गोल होतात आणि त्यांचा चुरा बेअरिंगमध्ये जातो.

तो चुरा आहे की नाही, हे गिअर ऑइल सांगते. आपल्या मोटरवर काहीही करण्यापूर्वी मी हेच काम करीन. मोटर रात्रभर उभी ठेवावी, म्हणजे आत पाणी असेल तर ते तळाशी बसते. सकाळी खाली पसरट, स्वच्छ, पांढरे भांडे ठेवून खालचा स्क्रू सावकाश सैल करावा आणि पहिले काही थेंब नीट पाहावेत, कारण पाणी असेल तर तेच आधी बाहेर येते. मग वरचा स्क्रू काढावा, म्हणजे तेल सरळ वाहू लागते. पुष्कळ मोटरींत खालच्या स्क्रूच्या टोकाला चुंबक असते. त्यावर काळपट राखाडी लेप जमलेला असतो. तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळावा. काजळीसारखा मऊ लागला तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला कण टोचले, किंवा उन्हात धरल्यावर कोपरे असलेले चकचकीत तुकडे दिसले, तर ते दातांचे किंवा बेअरिंगचे आहेत. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. ते बहुतेक वेळा प्रॉपेलरच्या शाफ्टवरील सीलमधून शिरते, आणि त्या सीलजवळ मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळलेला मला इतक्या वेळा सापडला आहे की प्रॉपेलर काढल्यावर मी आधी तोच शोधतो.

तिसऱ्या आवाजाचा संबंध येथे येतो. गेल्या हंगामात नसलेला सूर या हंगामात लागला, याचा अर्थ मोटर बंद पडून असताना काहीतरी घडले असण्याचा संभव मोठा आहे. गिअरकेसमध्ये थोडे पाणी राहिले आणि मोटर काही महिने तशीच उभी राहिली, तर बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि दातांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. मोटर पुन्हा चालू केली की ते खड्डे गातात. हा सूर वेगाबरोबर चढतो आणि उतरतो, आणि थ्रॉटल किंचित कमी करताच त्याचा पोत बदलतो, कारण होडीच्या गतीने प्रॉपेलर क्षणभर गिअरना फिरवू लागतो आणि दात दुसऱ्या अंगाने टेकतात. थ्रॉटल सोडताक्षणी सूर बदलला तर गिअरकेस, असे मी जवळजवळ खात्रीने धरतो. दांडा गिअरकेसवर टेकवल्यास आवाज तेथे तीक्ष्ण लागेल. पंपाच्या घरावर तीक्ष्ण लागला तर इम्पेलर आणि त्याचे घर पाहावे, आणि इम्पेलर शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर तो बदलावाच.

परंतु सूर फक्त एका अरुंद वेगपट्ट्यातच लागत असेल, म्हणजे समजा २८०० ला येऊन ३२०० ला जात असेल, तर प्रॉपेलरवर संशय घ्यावा. पात्याच्या मागच्या कडेवरून सुटणारे पाण्याचे भोवरे आणि पात्याचे स्वतःचे कंपन यांचा मेळ बसला की पाते अक्षरशः गाऊ लागते. पात्याची कड वाकली असेल किंवा कोणी कानशीने चुकीची घासली असेल, तर असे होते. प्रॉपेलर बदलून त्याच वेगाला चालवून पाहणे, ही याची सरळ परीक्षा. दुसरा प्रॉपेलर कोणाकडून तासाभरासाठी मागून आणावा लागला तरी चालेल, कारण गिअरकेस उघडण्यापेक्षा ते केव्हाही सोपे आहे.

आता क्रँकशाफ्टचा मुद्दा. टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये कनेक्टिंग रॉडची आणि क्रँकची बेअरिंग बहुधा रोलरची असतात, आणि त्यांचे वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच होते. ती बिघडू लागली की आधी एक खोल घरघर येते, जी गिअर टाकल्याने किंवा आयडल थोडे वाढवल्याने जात नाही. आपली खडखड थ्रॉटल वाढवताच थांबते, एवढी एकच गोष्ट क्रँकला बऱ्याच अंशी निर्दोष ठरवते. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झाला असेल तर थंड इंजिनात पोकळ टकटक येते आणि गरम झाल्यावर कमी होते. अशा मोटरी पुढे बरीच वर्षे चाललेल्या मी पाहिल्या आहेत. याउलट गरम झाल्यावर वाढणारा ठोका वाईट.

मनातली शंका काढायचीच असेल तर इंजिन न उतरवता तीन परीक्षा करता येतात. पहिली कॉम्प्रेशनची: इंजिन गरम, दोन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या वायरी जमिनीला जोडलेल्या. आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत आहेत का, हे पाहावे. दुसरी परीक्षा आयडलवर एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करण्याची. एखाद्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर ठोका मंदावला तर दोष त्या सिलिंडरच्या रॉडमध्ये किंवा पिस्टनमध्ये आहे. मात्र प्लगची वायर नुसती उपटून मोकळी ठेवू नये. वायर जमिनीला जोडणारे साधन वापरावे, नाही तर सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) इजा होऊ शकते आणि हाताला बसणारा झटकाही साधा नसतो. तिसरी परीक्षा हाताची आहे आणि मला तीच सर्वांत आवडते. प्लगच्या छिद्रातून बारीक, गुळगुळीत लाकडी काडी पिस्टनवर टेकवावी, पिस्टन मधल्या उंचीवर आणावा आणि फ्लायव्हील हाताने काही अंशच पुढे-मागे हलवावे. फ्लायव्हील हलताक्षणी काडी हलली पाहिजे. फ्लायव्हील थोडे फिरले आणि काडी थांबून मग हलली, तर मधली ती रिकामी जागा म्हणजे झिजलेले बेअरिंग. इतर वेळी फ्लायव्हील नेहमी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवावे. उलटे फिरवल्यास इम्पेलरची पाती उलटी वळतात.

फ्लायव्हीलचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगतो. एका जुन्या मोटरमध्ये वरच्या अंगाने ठोका येत होता, कधी यायचा, कधी नाही. मी तो खालच्या सिलिंडरचा समजलो आणि दोन दिवस घालवून इंजिनाचा वरचा भाग उघडला. सगळे ठीक निघाले. परत बसवण्यासाठी फ्लायव्हील उचलले तेव्हा त्याच्या आतील एका चुंबकाचा गोंद सुटलेला दिसला. ते आपल्या जागी किंचित सरकत होते आणि वेगानुसार कॉइलच्या कडेला घासत होते. फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला दांडा टेकवता येत नाही, म्हणून तो आवाज सगळीकडून सारखाच ऐकू येत होता. तेव्हापासून वरून येणाऱ्या कोणत्याही लहरी आवाजासाठी मी आधी फ्लायव्हील काढतो, प्रत्येक चुंबक बोटाने ओढून पाहतो, फ्लायव्हील शाफ्टवर योग्य जागी धरणारी धातूची छोटी किल्ली चेपली आहे का पाहतो आणि नट नेमून दिलेल्या टॉर्कनेच आवळतो. चुंबक सुटून आत अडकले तर चालते इंजिन जागच्या जागी बंद पडते.

कार्ब्युरेटरमधून मध्येच येणारा शिंकेसारखा ‘फट्’ हा आवाज मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे सांगतो. तो आवाज आयडलवर निरुपद्रवी वाटतो, पण तेच कमी पेट्रोलाचे मिश्रण पूर्ण वेगाला पिस्टन जाळते. शिंकेसोबत कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलाचा फवारा उडत असेल तर रीडची (मिश्रण एकाच दिशेने आत जाऊ देणाऱ्या झडपेची) पाती तुटलेली किंवा उघडी राहिलेली असतात. पूर्ण भाराखाली होणारे डेटोनेशन (सिलिंडरमधील मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) मात्र आउटबोर्डच्या गोंगाटात बहुधा ऐकूच येत नाही. ते प्लगवर दिसते. जोरात चालवून इंजिन बंद केल्यावर प्लग काढावेत आणि पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक ॲल्युमिनियमचे कण दिसतात का ते भिंगातून पाहावे. दिसले तर पेट्रोलचे मिश्रण, टायमिंग आणि थंड पाण्याचा प्रवाह तपासल्याशिवाय मोटर पुन्हा जोरात चालवू नये. तेलाचे प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवावे: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, आणि त्याहून जुन्या काही मोटरींना २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ हे चिन्ह असलेले तेल घ्यावे. मोटरसायकलचे टू-स्ट्रोक तेल घालू नये, कारण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची गरज वेगळी आहे.

हे वाचणाऱ्या कोणाची मोटर फोर-स्ट्रोक असेल तर त्यांनी वरून येणाऱ्या एकसारख्या टिकटिकीसाठी आधी ऑइलची पातळी आणि मग व्हॉल्व्हची मोकळीक तपासावी. व्हॉल्व्ह क्रँकच्या निम्म्या वेगाने वाजतात, म्हणजे जवळजवळ गिअरच्याच वेगाने, त्यामुळे तेथे नुसत्या मोजणीवर विसंबून चालत नाही. दांडा टेकवूनच ठरवावे लागते.

काही आवाजांपुढे निदान थांबवून इंजिन बंद करावे. वेग न बदलता वाढत जाणारा आणि सोबत ताकद घटवणारा ठोका, धातू किंचाळल्यासारखा अचानक आलेला आवाज, इशाऱ्याचा अखंड भोंगा आणि पंप चालू असल्याचे दाखवणारी पाण्याची खुणेची धार बंद होणे, हे ते प्रसंग. अशा वेळी ‘धक्क्यापर्यंत जाऊ’ म्हणून ओढलेल्या दहा मिनिटांत सिलिंडर कायमचा जातो.

आपल्या मोटरसाठी मी सुरुवात गिअर ऑइलपासून करीन, मग प्रॉपेलर काढून त्यामागे दोरा पाहीन, मग केबलची जुळणी, मग आयडल आणि कार्ब्युरेटर. तेलात टोचणारे तुकडे निघाले तर पुढचे काही न करता गिअरकेस उघडावी. पाणी निघाले पण तुकडे नाहीत, तर सील बदलून गिअरकेसमध्ये सुमारे १० पीएसआय हवा भरावी, साबणाच्या पाण्याने गळती शोधावी आणि मगच नवे तेल घालावे. तेल नेहमी खालच्या छिद्रातून, पंपाने, वरच्या छिद्रातून बुडबुडे थांबून अखंड तेल येईपर्यंत भरावे. आधी वरचा स्क्रू बंद करावा, मग नळी काढून खालचा चटकन बसवावा, म्हणजे वरून हवा न मिळाल्यामुळे तेल सांडत नाही. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. मोटर पाण्यात पंधरा मिनिटे चालवावी, रात्रभर उभी ठेवावी आणि दुसऱ्या सकाळी खालचा स्क्रू पुन्हा थोडा सैल करून पहिला थेंब पाहावा. तो स्वच्छ असेल आणि सूर तरीही तसाच असेल, तर खालच्या बेअरिंगवर खड्डे पडलेले आहेत असे धरून या हंगामातच ती बदलून घ्यावीत.